मळी, मुद्रांक आणि चहा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच सदरात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना 'इंग्रजांनी लादलेल्या जाचक करांमुळे वसाहती पेटून उठल्या' असं एक वाक्य मी सहज लिहून गेलो. वाचकांनी नेमकं तेच धरलं. 'जाचक' हा शब्द शाळेच्या पुस्तकातून थेट माझ्या पेनात उतरला होता, हे कबूल करतो. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. हिशेबापुरतं एवढं लक्षात असू द्या : त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड.

कर खरोखरच जाचक होते का? परीक्षेत आम्ही 'अन्यायकारक कर' असं लिहितो, पण आकडे कुठेच सापडत नाहीत. (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

नव्हते. लंडनमधला सामान्य माणूस बोस्टनच्या माणसापेक्षा कितीतरी पट कर भरत होता. १७६३ साली फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज साडेसात कोटींच्या आसपासवरून १३ कोटी पौंडांच्या वर गेलं होतं. वर अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास फौज ठेवायचं ठरलं. निदान या फौजेच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा, एवढंच पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचं म्हणणं होतं.

मग राग कशाचा? यासाठी मळीचं उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या वाचकांना मळी म्हणजे काय आणि तिची दारू कशी होते हे सांगायला नको. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या वसाहतींत, वेस्ट इंडीजच्या बेटांवरून मळी येई आणि तिची रम गाळली जाई. फ्रेंच बेटांवरची मळी स्वस्त पडे. १७३३ च्या कायद्याने या परदेशी मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात होती. ती कोणी भरत नसे. जकात अधिकाऱ्याच्या हातावर गॅलनमागे पेनी-दीड पेनी ठेवली की पिंप उतरत असे. तीस वर्षं हा धंदा सुखाने चालला.

१७६४ मध्ये ग्रेनव्हिलने जकात निम्मी केली, ३ पेन्स. आणि बोंब उठली ती यावर! कारण यावेळी ती वसूल होणार होती. जहाजाच्या प्रत्येक फेरीला कागदपत्रं, जामीन, तपासणी. पकडलेला माल विकून येईल त्याचा तिसरा हिस्सा पकडणाऱ्या अधिकाऱ्याला. खटला स्थानिक ज्यूरीसमोर नाही, तर नौदल न्यायालयात, तोही वेळ आली तर दूर उत्तरेला हॅलिफॅक्सला. आणि माल चोरटा नाही हे सिद्ध करायचं मालकाने. म्हणजे कागदावरचा कर घटला आणि प्रत्यक्षातला वाढला. लाच गेली नि पावती आली, असंही म्हणता येईल. व्यापाऱ्यांचा यातला स्वार्थ मी लपवणार नाही. पुढे देशभक्त म्हणून ज्यांचे पुतळे उभे राहिले त्यांतल्या काहींची गोदामं चोरट्या मालानेच भरलेली होती.

परीक्षेत लिहायचं असेल तर 'अन्यायकारक' हा शब्द ठेवा, पण तो कराच्या रकमेला लावू नका. कर कोणी बसवला आणि कसा वसूल केला, त्याला लावा.

स्टँप अ‍ॅक्ट म्हणजे आपल्याकडच्या स्टँपपेपरसारखंच काही होतं का? त्यावर एवढी जाळपोळ का झाली? (निवृत्त दस्तलेखक, सातारा)

अगदी तसंच. तुमचं आयुष्य ज्या कागदावर गेलं त्याचाच हा दूरचा चुलता. इंग्लंडमध्ये मुद्रांक शुल्क १६९४ पासून होतं, त्यामुळे तिथल्या कोणाला त्यात वावगं वाटेना. मार्च १७६५ मध्ये कायदा झाला आणि १ नोव्हेंबरपासून तो अमेरिकेत लागू व्हायचा होता.

काय काय त्यात होतं पाहा. खरेदीखत, करारनामा, मृत्युपत्र, कोर्टातला प्रत्येक अर्ज, जहाज सोडण्याचा परवाना. वर्तमानपत्राचा प्रत्येक अंक. पंचांगासारखी जी पुस्तिका घरोघरी भिंतीला टांगलेली असे, तीसुद्धा. पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, कॉलेजच्या पदवीच्या कागदाला २ पौंड, वकिलीच्या सनदेला १० पौंड. कागदावर छाप लंडनमध्ये उठवायचा आणि मग तो जहाजाने पाठवायचा. पैसे भरायचे ते ब्रिटिश चलनात, जे वसाहतींत आधीच दुर्मीळ होतं. त्यात आदल्या वर्षी वसाहतींच्या कागदी नोटांवर निर्बंध आणलेले.

आता या यादीतून कोण दुखावलं ते बघा : वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले. समाजात जे बोलतात, लिहितात आणि ज्यांच्या दुकानात बसून बाकीचे गप्पा मारतात, नेमके तेच. ग्रेनव्हिलला कर बसवायला याहून वाईट गिऱ्हाईक निवडता आलं नसतं. फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया जर्नल'ने कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, पहिलं पान थडग्यासारखं काळ्या चौकटीत छापलं आणि छापाच्या जागी कवटी काढली.

जाळपोळीविषयी. बोस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर नावाच्या गृहस्थाला मुद्रांक वाटपाचं काम मिळालं होतं. १४ ऑगस्ट १७६५ च्या सकाळी एका मोठ्या एल्मच्या झाडाला त्याचं बुजगावणं लटकलेलं दिसलं. शेजारी एक भलामोठा बूट, त्यातून डोकावणारा सैतान. बूट कशाला? तर राजाचा जुना सल्लागार लॉर्ड ब्यूट. मराठीतही कोटी जमते, म्हणून मुद्दाम सांगितली. बुटाचा तळवा हिरवा रंगवलेला होता. हिरव्याला इंग्रजीत ग्रीन, म्हणून तो टोला ग्रेनव्हिलला. संध्याकाळी जमावाने ऑलिव्हरच्या मालकीची एक इमारत पाडली, घराच्या काचा फोडल्या. दुसऱ्याच दिवशी त्याने ते काम नको म्हणून कळवून टाकलं.

बारा दिवसांनी पाळी आली त्याचा साडू थॉमस हचिन्सन याची. हा मॅसॅच्युसेट्सचा उपगव्हर्नर आणि मुख्य न्यायाधीश. लोकांनी घर अक्षरशः सोलून काढलं, आतल्या भिंती पाडल्या, छताच्या पाट्या उचकटल्या. हचिन्सन त्या वेळी आपल्या वसाहतीचा इतिहास लिहीत होता. त्याचं हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात गेलं आणि एका शेजाऱ्याने पानं गोळा करून परत दिली. गंमत अशी, की मुद्रांक कायदा चुकीचा आहे असं हचिन्सनचं स्वतःचंही मत होतं. खाजगीत त्याने ते लिहूनही कळवलं होतं. जमावाला एवढा तपशील कुठला माहीत असणार!

१ नोव्हेंबर उजाडला तेव्हा मुद्रांक विकायला जवळजवळ कोणी उरलंच नव्हतं. व्यापाऱ्यांनी इंग्लंडचा माल मागवणं थांबवलं, तिकडचे कारखानदार गयावया करू लागले, आणि मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. त्याच दिवशी मात्र आणखी एक कायदा केला : वसाहतींना 'सर्व बाबतींत' बांधील ठरवण्याचा अधिकार आमचाच आहे. लोक आनंदात होते, दुसरा कागद फारसा कोणी वाचला नाही. न्यू यॉर्ककरांनी तर कृतज्ञता म्हणून राजाचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा उभारला. १७७६ मध्ये तोच खाली ओढून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या पाडल्या.

इंग्लंडची बाजूही सांगा. पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी हवे होते तर चार-सहा जागा देऊन का नाही टाकल्या? (वाचक, नाशिक)

कारण त्या त्यांना नकोच होत्या.

हे ऐकून चमकाल, पण ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यू यॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले तेव्हा त्यांनी ठरावात सरळ लिहिलं की आमचं प्रतिनिधित्व हाउस ऑफ कॉमन्समध्ये नाही, आणि आमची परिस्थिती पाहता ते असूही शकत नाही. तीन हजार मैलांचा समुद्र, पत्राला जायला महिना-दीड महिना. शिवाय पाचशेहून जास्त सभासदांत आपले दहा-वीस बसवून होणार काय? प्रत्येक वेळी मतदानात हरायचं आणि वर 'तुमच्या संमतीनेच कर बसला' हे ऐकून घ्यायचं. त्यांना हवं होतं ते आपल्या वसाहतीच्या विधानसभेचं राज्य. व्हर्जिनियाची सभा १६१९ पासून भरत होती. रस्त्याला, शाळेला पैसे अशा सभाच मंजूर करत, बहुतेक वसाहतींत तर गव्हर्नरच्या पगारालासुद्धा. पगाराची दोरी आपल्या हातात असली की गव्हर्नर कसा वागतो, हे त्यांना दीडशे वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

इंग्लंडचं उत्तर असं : मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचे खासदार नाहीत, तरी तिथले लोक कर भरतात, पार्लमेंटचा प्रत्येक सभासद सगळ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. युक्तिवाद ऐकायला ठीक, पण ज्या पार्लमेंटात ओल्ड सॅरमसारख्या जवळपास ओसाड टेकडीला दोन खासदार होते, तिथून तो आला की हसू येतं. मँचेस्टरला खासदार नाही हे मँचेस्टरवर अन्याय होण्याचं कारण होतं. बोस्टनवर कर बसवण्याचं नव्हे. शिवाय मँचेस्टरवर बसलेला कर खासदाराला स्वतःलाही भरावा लागे. अमेरिकेवर बसवलेला कर त्याच्या खिशावरचा भार उलट हलका करी. माझ्या मते वसाहतींचा सगळ्यात मजबूत मुद्दा हा होता.

पण ब्रिटनने वसाहतींच्या संरक्षणावर अफाट पैसा ओतला होता, हेही खरं. फ्रेंचांना कॅनडातून हुसकल्यावर मग वसाहतवाले म्हणू लागले, आता फौज कशाला? तसं बघितलं तर मित्राने आजारपणात दवाखान्याचं बिल भरायचं आणि बरं झाल्यावर आपण विचारायचं, तुला कोणी सांगितलं होतं!

करांव्यतिरिक्त कोणते कायदे त्यांना खुपत होते? सैनिकांना लोकांच्या घरात घुसवलं होतं हे खरं का?

घरात घुसवलं हे फारसं खरं नाही. १७६५ च्या कायद्याप्रमाणे फौजेला बराकी, त्या कमी पडल्या तर खानावळी, मग रिकामी घरं आणि गोठे-कोठारं द्यायची होती. राहत्या घराची त्यात सक्ती नव्हती. दुखणं होतं ते वेगळं : अंथरूण, मेणबत्त्या, मीठ, व्हिनेगर, बिअर हे सगळं त्या त्या वसाहतीने पुरवायचं. म्हणजे मागच्या दाराने पुन्हा करच. न्यू यॉर्कच्या सभेने पूर्ण पुरवठा करायला नकार दिला तेव्हा, पुरवठा होईपर्यंत त्या सभेने कोणताही कायदा करू नये, असा कायदा पार्लमेंटने केला. आपली सभा लंडनहून एका कागदाने गप्प करता येते, हे सगळ्या वसाहतींनी पाहून ठेवलं.

दुसरा काटा ऑक्टोबर १७६३ च्या राजाज्ञेचा. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वस्ती करू नका, ती जमीन मूळ रहिवाशांची. राजाचा हेतू परोपकाराचा नव्हता, सीमेवरच्या लढायांचा खर्च वाचवायचा होता. पण ज्यांनी पलीकडच्या जमिनीत पैसे आणि स्वप्नं गुंतवली होती त्यांना ती आज्ञा म्हणजे तोंडचा घास काढणं वाटलं. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांतलाच. ही आज्ञा तात्पुरती मलमपट्टी आहे, तोवर चांगल्या जमिनी हेरून ठेव, असं त्याने आपल्या जमीन मोजणाऱ्या माणसाला १७६७ मध्ये लिहिलं होतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या शाळेत बोस्टन टी पार्टी शिकवताना चहा स्वस्त झाला होता असं सांगितलं. स्वस्त चहा कोणी समुद्रात टाकतं का? आणि तो चहा आपल्याकडचा होता का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी : चहा चीनचा. कँटन बंदरातून आलेला, बराचसा 'बोही' नावाचा काळा चहा. आसामचा चहा यायला अजून साठेक वर्षं होती. पण चहा आणणारी कंपनी आपली चांगलीच ओळखीची, ईस्ट इंडिया कंपनी. आणि तिचं दिवाळं वाजायला आलं होतं त्यात बंगालचा हात होता. १७६९-७० चा भीषण दुष्काळ, लढायांचा खर्च, नोकरांची लूट, वर १७७२ मधली लंडनची पत-घसरण. गोदामात १ कोटी ७० लाख पौंड वजनाच्या आसपास चहा पडून. अमेरिकेत हॉलंडहून आलेला चोरटा चहा खपत होता, कंपनीचा नाही. कंपनी सरकारच्या दारात गेली. १७७३ मध्ये सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं, तिच्या कारभारावर देखरेखीचा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला (जो आपण वॉरन हेस्टिंग्जच्या धड्यात शिकतो) आणि त्याच सुमारास चहाचा कायदाही. एकाच आजाराची ही औषधं.

चहाच्या कायद्याने कंपनीला इंग्लंडमधला कर माफ झाला आणि लंडनच्या लिलावाला वळसा घालून थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभा मिळाली. त्यामुळे चहा चोरट्यापेक्षाही स्वस्त पडणार होता. फक्त अमेरिकेत उतरताना पौंडभर वजनाच्या चहामागे ३ पेन्सची जकात ठेवली. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर बसवलेल्या करांतला हा उरलेला एक. बाकीचे बहिष्कारामुळे १७७० मध्ये काढले होते. हा एक ठेवला तो उत्पन्नासाठी कमी आणि हक्क सांगण्यासाठी जास्त.

आता बोस्टनच्या नजरेने पाहा. स्वस्त चहा प्यायलात की ३ पेन्स भरलेत, आणि भरलेत की पार्लमेंटचा हक्क मान्य केलात. त्यात विक्रीचा मक्ता ठरावीक मर्जीतल्या लोकांना. बोस्टनमध्ये त्यांत दोन जण कोण, तर हचिन्सनचे मुलगे. आणि हचिन्सन एव्हाना गव्हर्नर झाला होता. आज चहा, उद्या कंपनी आणखी काय विकेल? फिलाडेल्फियाचा वकील जॉन डिकिन्सन याने तर नोव्हेंबर १७७३ मध्ये टोपणनावाने लिहून लोकांना बजावलं की या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, दुष्काळात माणसं मरत असताना हिने नफा पाहिला, आता तिची नजर अमेरिकेकडे वळली आहे. बंगालची उपासमार फिलाडेल्फियात दाखला म्हणून पोचली होती!

'डार्टमथ' हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. लोक उतरवू देईनात, हचिन्सन जहाज परत जाऊ देईना. १६ डिसेंबरला, मुदतीच्या आदल्या दिवशी, ओल्ड साउथ सभागृहात आणि बाहेर पाच हजारांच्या आसपास माणसं जमली. गव्हर्नरचा शेवटचा नकार आला आणि तोंडाला काजळी फासलेली, मोहॉक या तिथल्या मूळ रहिवाशांचा वेश केलेली टोळी ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाली. तीन जहाजं, तीन तास, ३४० च्या वर पेट्या, साधारण ४२ टन चहा. ओहोटी होती, पाणी इतकं उथळ की चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचू लागले आणि पोरांना उतरून ते पसरावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला, तर त्याचा कोट फाडून त्याला लाथा घातल्या. जहाजावरच्या बाकी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तरंगणारा चहा लोकांनी होड्यांतून जाऊन वल्ह्यांनी बुडवला.

मुलीला आणखी एक सांगा. 'टी पार्टी' हे नाव पन्नासेक वर्षांनी रुळलं. त्या पिढीतले लोक 'चहाचा नाश' म्हणत. तुमच्याकडून बोस्टन गाडीने चार-पाच तासांवर असेल, ओल्ड साउथ अजून उभं आहे.

शिक्षा म्हणून पार्लमेंटने १ जून १७७४ पासून, चहाची भरपाई होईपर्यंत, बोस्टन बंदरच बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून स्थानिक सभांवर बंधनं आणली. आपण मळीपासून सुरुवात केली होती. आपली सभा लंडनहून गप्प करता येते, हा धोका लोकांच्या दृष्टीने खरा ठरला तो इथे. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँग्रेस भरली आणि १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली.

स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी गुलाम पाळले होते. याकडे तुम्ही काणाडोळा करता. (वाचक, नागपूर)

आरोप मान्य. पंचवीस लाखांच्या लोकसंख्येत पाच लाखांच्या आसपास माणसं गुलामीत होती. 'आम्हाला गुलाम करू पाहतात' हे वाक्य ज्यांच्या लेखांत पानोपानी येतं त्यांतल्या अनेकांच्या शेतावर खरेखुरे गुलाम राबत होते. लंडनचा लेखक सॅम्युअल जॉन्सन याने हे तेव्हाच तोंडावर सुनावलं होतं. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने, बंडखोर मालकाला सोडून राजाच्या फौजेत येईल त्या गुलामाला मुक्ती, असं जाहीर केलं. शेकडो गेले. त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य कोणत्या बाजूला होतं हे वेगळं सांगायला नको. गोऱ्यांतही सगळे बंडखोर नव्हते. राजनिष्ठ साठ हजारांच्या आसपास लोक शेवटी देश सोडून गेले.

या सगळ्याचा आपल्या पेशवाईशी काही संबंध? (वाचक, पुणे)

पुण्याहून हा प्रश्न येणार हे गृहीत धरलं होतं. करांच्या भांडणाशी नाही, पण युद्धाशी आहे. वसाहतींना मदत करून इंग्रजांना अडकवण्याच्या खटपटीत असलेल्या फ्रान्सचा सेंट ल्युबिन नावाचा एक माणूस १७७७ मध्ये पुण्यात येऊन राहिला. नाना फडणवीसांनी त्याची उत्तम बडदास्त ठेवली. त्याच्याकडून प्रत्यक्ष फौज काही आली नाही, पण मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली आणि नानांना तेवढं पुरेसं होतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे नमावं लागलं, तेव्हा लंडनचे हात अमेरिकेत गुंतलेले होते.

आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपूवरच्या मोहिमेत १७९१-९२ मध्ये त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते.